मुंगीसारखा दिसणारा कोळी: मिर्मारॅक्नी की मिर्माप्लाटा? वर्गीकरण आणि आढळक्षेत्र याविषयी प्रश्न

सुरंगी_कुडाळ

नमस्कार मंडळी. आमच्या गावाची लोकजैवविविधता नोंदवही अद्ययावत करण्याचे काम सध्या चालू असून कीटक आणि कोळी यांचा भाग माझ्याकडे सोपवलेला आहे. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. कोळ्यांचा रीतसर अभ्यास मी केलेला नाही, म्हणून नावाच्या बाबतीत चूक होऊ नये यासाठी येथे विचारते आहे.

आमच्या परसातल्या हापूसच्या कलमावर विणकर मुंग्यांची, म्हणजे ज्यांना आमच्याकडे ओंबील म्हणतात त्या तांबड्या मुंग्यांची, पाने जोडून केलेली पाच-सहा घरटी आहेत. गेल्या पंधरवड्यात त्याच फांद्यांवर मला एक विचित्र मुंगी दिसली. बाकीच्या मुंग्या ओळीने चालत होत्या आणि ही मात्र पानाच्या कडेला एकटीच, थांबत थांबत, वेडीवाकडी फिरत होती. पेन्सिलीच्या टोकाने मी पान हलवले तेव्हा ती खाली पडली, पण जमिनीपर्यंत पोहोचली नाही. हवेत वीतभर खाली एका धाग्याला लोंबकळत राहिली आणि थोड्या वेळाने तोच धागा धरून वर चढून पानावर आली. मग भिंग घेऊन पाहिले. पाय आठ होते, समोर दोन मोठे डोळे होते आणि पुढचे दोन पाय मिशांसारखे उचललेले होते. दुसऱ्या दिवशी तशाच रंगाचा आणखी एक प्राणी दिसला, त्याचे जबडे इतके लांब होते की मुंगीने तोंडात काहीतरी धरले आहे असेच वाटले.

आता मुख्य प्रश्न. एका जुन्या यादीत या कोळ्याचे नाव ‘मिर्मारॅक्नी प्लॅटालिऑइडिस’ असे दिलेले आहे, तर दुसऱ्या, अलीकडच्या यादीत ‘मिर्माप्लाटा प्लॅटालिऑइडिस’ असे आहे. हे दोन वेगवेगळे कोळी आहेत, की एकाच कोळ्याची दोन नावे आहेत? एकाच कोळ्याची असतील, तर नोंदवहीत कोणते लिहावे? आणि एका यादीत मिर्मारॅक्नीचे आढळक्षेत्र आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत आणि अमेरिकेतही असल्याचे म्हटले आहे, ते या कोळ्यालाही लागू होते का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. वेगवेगळ्या दिवशी काढलेले तीन फोटो खाली जोडले आहेत.

अष्टपाद

सुरंगीताई, नमस्कार. प्रश्न फार नेमका विचारला आहे आणि त्यासोबत निरीक्षणही दिले आहे, म्हणून उत्तर देण्यात आनंद वाटतो. धाग्याला लोंबकळण्याची जी गोष्ट आपण टिपली, ती मुंगी आणि कोळी यांतला फरक ओळखण्याची घरगुती पण खात्रीची खूण आहे, कारण मुंगीला पडताना धागा सोडता येत नाही.

आधी थेट उत्तर देतो. ही एकाच कोळ्याची दोन नावे आहेत. जात तीच आहे, बदलला आहे तो वंश. हे कसे घडले ते समजून घेतले की पुढचे आढळक्षेत्राचे कोडेही बरेचसे उलगडते, म्हणून जरा मुळापासून सांगतो.

उड्या मारणाऱ्या कोळ्यांचे कुळ साल्टिसिडी. कोळ्यांच्या सर्व कुळांत हे सर्वांत मोठे असून त्यात सहा हजारांहून अधिक जाती आणि सहाशेहून अधिक वंश आहेत. या कुळात मिर्मारॅक्नी हा वंश मॅक्ले यांनी १८३९ साली स्थापन केला. नाव ग्रीक असून त्याचा अर्थ सरळ ‘मुंगी-कोळी’ असा आहे. ज्या जातीवर त्यांनी हा वंश उभा केला ती मिर्मारॅक्नी मेलॅनोसेफाला, म्हणजे काळ्या डोक्याची. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण पुढे ती कामाला येते.

आपल्या आंब्यावरच्या कोळ्याचे पहिले वर्णन मात्र मिर्मारॅक्नी या नावाने झालेले नाही. ऑक्टेव्हियस पिकार्ड-केंब्रिज यांनी श्रीलंकेतल्या नमुन्यांवरून १८६९ साली त्याचे वर्णन केले, तेव्हा त्याला साल्टिकस या वंशात ठेवले होते. त्या काळात साल्टिकस हे नाव फार सैलपणे वापरले जाई. जातीचे नाव प्लॅटालिऑइडिस. प्लॅटालिया हे आपल्या चमचा पक्ष्याच्या वंशाचे नाव आहे, तेव्हा प्लॅटालिऑइडिस म्हणजे ‘चमचा पक्ष्यासारखा’. नराचे जबडे समोर लांब येतात आणि टोकाकडे रुंद व काळसर होतात. आपल्या दुसऱ्या फोटोतल्या नराकडे वरून पाहावे, म्हणजे हे नाव किती नेमके बसते ते दिसेल.

पुढे जवळपास शंभर वर्षे असे घडत गेले की साल्टिसिडीतला जो जो कोळी मुंगीसारखा, सडपातळ, आणि ज्याच्या नराचे जबडे पुढे आलेले, तो तो मिर्मारॅक्नीत टाकला गेला. पेकहॅम दांपत्याने १८९२ साली मुंगीसारख्या कोळ्यांवर मोठे काम केले. कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयातल्या नमुन्यांवर नारायण यांनी १९१५ साली लिहिले. आफ्रिकेतल्या जातींचा कसून आढावा वॅनलेस यांनी १९७८ साली घेतला. जातींची संख्या वाढत वाढत दोनशेच्या वर गेली आणि मिर्मारॅक्नी हा साल्टिसिडीतल्या सर्वांत मोठ्या वंशांपैकी एक झाला.

एवढ्या मोठ्या वंशाची मुख्य अडचण अशी की, एरवी कोळ्यांच्या जाती ज्यावरून ओळखतात ते नराचे पेडिपाल्प, म्हणजे तोंडाजवळचे दोन छोटे पायांसारखे अवयव ज्यांच्या टोकाशी जननेंद्रियाची गुंतागुंतीची रचना असते, ते या वंशात बरेचसे एकसारखे असतात. म्हणून अभ्यासकांना जबड्यांची लांबी, त्यावरच्या दातांची मांडणी, शिरोवक्षाचा आकार अशा गोष्टींवर भर द्यावा लागला. यात मोठा धोका आहे. नराचे जबडे शेवटची कात टाकताना एकदम लांबतात, आणि लांबीत त्याच जातीच्या दोन नरांमध्येही बराच फरक पडतो. लहान नर, मोठा नर आणि मादी यांना तीन वेगळ्या जाती समजण्याची चूक म्हणूनच सहज होऊ शकते.

२००३ साली एडमंड्स आणि प्रुशिन्स्की यांनी मलेशियातल्या जातींची तपासणी केली, आणि पुढे २०१६ साली पोलंडचे येझी प्रुशिन्स्की यांनी मिर्मारॅक्नीची मोठी फोड केली. प्लॅटालिऑइडिस आणि तिच्या निकटच्या जातींसाठी त्यांनी मिर्माप्लाटा हा नवा वंश केला, आणि सी. एल. कॉख यांनी १८४६ साली केलेला पण पुढे मिर्मारॅक्नीत विलीन झालेला टॉक्सिअस हा वंश पुन्हा उभा केला. याखेरीज आणखीही काही वंश त्या लेखात आहेत. स्वित्झर्लंडमधील बर्नच्या निसर्गेतिहास संग्रहालयातून चालवला जाणारा वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग, ज्याला जगभरचे कोळी-अभ्यासक प्रमाण मानतात, तो ही विभागणी स्वीकारतो. म्हणून आपल्या अलीकडच्या यादीतले नाव आजच्या प्रचारानुसार बरोबर आहे आणि जुन्या यादीतले नाव तिच्या काळी बरोबर होते.

कोणी विचारेल की फोड केल्यावर मूळ नाव कोणाकडे राहते. ते ज्या जातीवर वंश उभा केला होता तिच्याकडे राहते. मेलॅनोसेफाला जिकडे, तिकडे मिर्मारॅक्नी. आपली प्लॅटालिऑइडिस त्या गटातून बाहेर पडली, म्हणून तिला नवे घराणे मिळाले.

नोंदवहीत लिहिताना आणखी एक बारकावा पाळावा. नाव असे लिहावे: मिर्माप्लाटा प्लॅटालिऑइडिस (ओ. पिकार्ड-केंब्रिज, १८६९). कर्त्याचे नाव कंसात घालतात ते शोभेसाठी नव्हे. मूळ वर्णन झाले तेव्हा ही जात दुसऱ्या वंशात होती, एवढे त्या कंसाने कळते. टॉक्सिअस मॅक्सिलोसस हे याचे सुंदर उदाहरण आहे. कॉख यांनी १८४६ साली ती टॉक्सिअसमध्येच वर्णन केली होती. मिर्मारॅक्नीत गेली तेव्हा कर्त्याचे नाव कंसात गेले आणि वंशाचे नाव स्त्रीलिंगी असल्याने मॅक्सिलोससचे मॅक्सिलोसा झाले. परत टॉक्सिअसमध्ये आली तेव्हा कंस निघाला आणि शेवटचे अक्षरही पूर्ववत झाले. जुने आणि नवे लेख चाळताना ही दोन रूपे पाहून दोन जाती समजू नयेत.

माळरान_सातारा

अष्टपाद सरांनी इतिहास उत्तम सांगितला आहे. मी शब्दांविषयी एक सूचना आणि आपल्या राज्याविषयी थोडी भर घालतो.

सूचना अशी की नोंदवहीत ‘प्रजाती’ हा शब्द शक्यतो टाळावा. मराठी विश्वकोशात तो वंश या अर्थी योजलेला आढळतो, तर वर्तमानपत्रांतून हिंदीच्या प्रभावाने तो जात या अर्थी येतो. ज्या नोंदीत सगळा घोळच वंश बदलल्यामुळे झालेला आहे, तिथे हा शब्द वापरला तर वाचणाऱ्याला नेमके काय बदलले हे कळणारच नाही. ‘कुळ, वंश, जात’ असे तीन साधे शब्द पुरेत.

महाराष्ट्राशी या वंशाचा संबंध नावांतूनच दिसतो. नारायण यांनी १९१५ साली ज्या जातींचे वर्णन केले त्यांत मिर्मारॅक्नी सातारेन्सिस आहे. भारतीय कोळ्यांच्या अभ्यासाचा पाया ज्यांनी घातला त्या टिकादर यांनी १९७३ साली मिर्मारॅक्नी मराठा आणि मिर्मारॅक्नी पूनाएन्सिस ही नावे दिली. साताऱ्याच्या माणसाला सातारेन्सिस हे नाव वाचून काय वाटते ते वेगळे सांगायला नको, पण अभिमानाबरोबर जबाबदारीही येते. ज्या गावाचे नाव जातीला लागले आहे तिथे ती जात पुन्हा शोधून, नर आणि मादी दोन्ही मिळवून, मूळ नमुन्यांशी ताडून पाहणे हे स्थानिक अभ्यासकाखेरीज कोण करणार? भारतातल्या मुंगीसारख्या कोळ्यांवर २०१६ साली कॅलेब यांचा एक चांगला वर्गीकरणविषयक लेख प्रसिद्ध झाला आहे, आणि श्रीलंकेतल्या जातींवर बेंजामिन यांचा २०१५ चा लेख आहे. कोकणातल्या जातींसाठी श्रीलंकेचे काम विशेष उपयोगी पडते, कारण पश्चिम घाट आणि श्रीलंका यांची प्राणिसृष्टी परस्परांशी निकटची आहे.

एक मात्र सांगावेसे वाटते. ‘सातारेन्सिस’ किंवा ‘पूनाएन्सिस’ म्हणजे ती जात फक्त साताऱ्यात किंवा पुण्यात राहते असा अर्थ होत नाही. पहिला नमुना कुठला, एवढेच असे नाव सांगते. तालुका पातळीच्या याद्यांमध्ये हा गैरसमज मी वारंवार पाहिला आहे.

सुरंगी_कुडाळ

दोघांचेही मनापासून आभार. प्रजाती या शब्दाची चूक माझ्या कच्च्या नोंदीत होतीच, ती दुरुस्त केली. आढळक्षेत्राविषयी मात्र अजून स्पष्ट झालेले नाही. विणकर मुंगी जिथे जिथे आहे तिथे तिथे हा कोळी असेल, असे लिहिले तर चालेल का? मुंगी तर भारतापासून ऑस्ट्रेलियापर्यंत आहे असे वाचले.

अष्टपाद

ताई, असे लिहू नये. अनुमान ऐकायला अगदी रास्त वाटते, आणि म्हणूनच ते का चुकते ते नीट पाहण्यासारखे आहे.

विणकर मुंग्यांच्या आज दोन जाती जिवंत आहेत. आपली इकोफिला स्मॅरॅग्डिना ही भारतापासून आग्नेय आशिया ओलांडून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत पसरलेली आहे, आणि इकोफिला लाँजिनोडा ही आफ्रिकेत आहे. आता या मुंगीचे सोंग घेणारे कोळी पाहू. भारत, श्रीलंका, चीन आणि आग्नेय आशिया या पट्ट्यात ते काम आपली मिर्माप्लाटा प्लॅटालिऑइडिस करते. आफ्रिकेत गेलो तर तिथल्या विणकर मुंगीसारखा दिसणारा कोळी वेगळा आहे, त्याचे नाव मिर्मारॅक्नी फिनिसेक्स. उत्तर क्वीन्सलंडमध्ये तर मुंगी आपल्याकडचीच जात आहे, फक्त तिथे तिचे उदर हिरवे असते, पण तिची अनुकृती करणारा कोळी निराळा आहे. त्याचे वर्णन चेकारेली यांनी २०१० साली केले आणि त्याला मिर्मारॅक्नी स्मॅरॅग्डिना असे नाव दिले. म्हणजे मुंगी एकच असली तरी प्रदेशागणिक तिचे सोंग घेणारा वेगळा असू शकतो. मुंगीचा नकाशा उचलून त्यावर कोळ्याचे नाव लिहिता येत नाही.

याच कारणासाठी मला वंशाची फोड महत्त्वाची वाटते. २०१६ पूर्वी कोणी ‘मिर्मारॅक्नीचे आढळक्षेत्र’ असा नकाशा काढला असेल तर तो आफ्रिका, मादागास्कर, दक्षिण आणि आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलिया, युरोपचा काही भाग आणि शिवाय अमेरिका खंड असा जवळजवळ जगभर पसरतो. अमेरिका खंडातल्या जातींचा आढावा अर्जेंटिनाच्या मारिया एलेना गालियानो यांनी १९६९ साली घेतला होता आणि त्या सर्व तेव्हा मिर्मारॅक्नीत होत्या. प्रुशिन्स्की यांनी त्यांतल्या बऱ्याच जाती मिर्मापाना या वंशात नेल्या. आता नव्या यादीतला मिर्मारॅक्नीचा नकाशा मुख्यतः पूर्व गोलार्धाच्या उष्ण प्रदेशाचा राहतो. कोळी जागचे हलले नाहीत, पण नावाची हद्द बदलली आणि तिच्याबरोबर नकाशा बदलला. आपल्या यादीतले ‘आफ्रिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत आणि अमेरिकेतही’ हे वाक्य जुन्या, विस्तृत मिर्मारॅक्नीचे आहे. आंब्यावरच्या कोळ्याला ते लागू होत नाही.

वर्गीकरणाची वरची पायरीही इथे थोडी सांगतो. वेन मॅडिसन यांनी २०१५ साली साल्टिसिडीची जी मांडणी प्रसिद्ध केली, तीत मिर्मारॅक्नी आणि तिचे नातलग मिर्मारॅक्निनी या गटात, आणि तो गट अस्टिऑइडा या मोठ्या शाखेत येतो. अस्टिऑइडाचा भर ऑस्ट्रेलिया आणि त्याच्या आसपासच्या बेटांवर आहे. मुंगीसारखे दिसणारे कोळी साल्टिसिडीत इतर शाखांतही आहेत. अमेरिकेतले सिनेमोसिना आणि सारिंडा हे अमिकॉइडा या शाखेतले, तर पेकहॅमिया हा डेंड्रिफँटिनी गटातला. दिसायला सगळे मुंग्या, पण एकमेकांचे सख्खे नव्हेत. मुंगीचे रूप या कुळात अनेकदा, स्वतंत्रपणे घडलेले आहे, तेव्हा ‘मुंगीसारखा दिसतो’ एवढ्यावर वंश ठरवणे हाच मुळात जुन्या घोळाचा उगम होता.

ओहायोतून_अनघा

हा धागा वाचून राहवले नाही. मी मूळची चिपळूणची, सध्या अमेरिकेत ओहायो राज्यात राहते. इथल्या अंगणात मिर्मारॅक्नी वंशाचा एक कोळी मी दर उन्हाळ्यात पाहते, मिर्मारॅक्नी फॉर्मिकारिया. द गेर यांनी १७७८ साली ‘अरानिया फॉर्मिकारिया’ या नावाने त्याचे वर्णन केले होते, म्हणजे मिर्मारॅक्नी हा वंश जन्मण्याच्या साठ वर्षे आधी. युरोपपासून जपानपर्यंत त्याचा मूळ प्रदेश आहे. अमेरिकेत तो बाहेरून आलेला असून ओहायोमध्ये २००१ साली प्रथम सापडला.

हे सांगण्याचे कारण असे की अष्टपाद सरांनी सांगितलेला अमेरिकेचा मुद्दा दोन प्रकारचा आहे. गालियानो यांनी अभ्यासलेल्या जाती इथल्या मूळच्या होत्या आणि त्यांचे फक्त नाव बदलले. फॉर्मिकारिया मात्र खरोखर मिर्मारॅक्नीच आहे आणि खरोखर दुसऱ्या खंडातून आलेली आहे. आढळक्षेत्र लिहिताना ‘मूळचा’ आणि ‘आणलेला’ असा भेद केला नाही तर दोन्ही गोष्टी एकाच ओळीत मिसळून जातात.

चालीविषयीही एक भर घालते. आपण सर्व जण लिहितो की हे कोळी पुढचे दोन पाय मिशांसारखे धरून सहा पायांवर चालतात. याच फॉर्मिकारियावर अतिवेगवान कॅमेऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की चालताना तो आठही पाय वापरतो. तो अधूनमधून सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागाइतका थांबतो आणि तेवढ्यात पुढचे पाय उचलून हलवतो. आपल्या डोळ्याला ते थांबणे वेगळे जाणवत नाही, म्हणून पाय सतत उचललेलेच असल्याचा भास होतो. सुरंगीताईंनी ‘थांबत थांबत’ असे लिहिले आहे, तो शब्द नोंदवहीत जरूर ठेवावा.

माळरान_सातारा

अष्टपाद सर, एक शंका मनात आहे. प्रुशिन्स्की यांच्या पद्धतीवर तीव्र टीका झाल्याचे मी वाचले होते. मग ही फोड टिकेल का? उद्या पुन्हा मिर्मारॅक्नी झाले तर सुरंगीताईंची नोंदवही पुन्हा चुकीची ठरेल.

अष्टपाद

टीका झाली हे खरे. क्रॉफ आणि इतर बऱ्याच अभ्यासकांनी मिळून २०१९ साली एक लेख लिहिला, तो मुख्यतः प्रुशिन्स्की यांच्या ‘व्यवहारोपयोगी वर्गीकरणा’विरुद्ध होता. त्यांचा आक्षेप असा की वंशवृक्षाचा अभ्यास न करता, केवळ ओळखायला सोपे जावे म्हणून, चित्रांतल्या साम्यावरून गट पाडले तर त्या गटांना वंशपरंपरेचा आधार राहत नाही. हा आक्षेप मला मूलतः पटतो. वंश म्हणजे एका पूर्वजाची संतती, फडताळातला कप्पा नव्हे. त्याच वेळी हेही मान्य केले पाहिजे की दोनशे जातींचा एकच ढीग तसाच ठेवणे हेही काही वंशपरंपरेचे ज्ञान नव्हते, आणि प्रुशिन्स्की यांनी आयुष्यभर जमवलेल्या चित्रांच्या संग्रहावाचून साल्टिसिडीचा आज कोणाचाच अभ्यास पुढे सरकत नाही.

२०१८ साली चीनमधल्या अभ्यासकांनी एक आश्चर्यकारक गोष्ट प्रसिद्ध केली. टॉक्सिअस मॅग्नस या कोळ्याची मादी पिलांना दुधासारखा द्रव पाजते आणि पिले मोठी होईपर्यंत ते चालू राहते. हाच कोळी जुन्या साहित्यात मिर्मारॅक्नी म्हणून सापडतो. आता हा गुण टॉक्सिअसमध्ये किती जातींत आहे, मिर्माप्लाटात आहे का, मिर्मारॅक्नीत आहे का, हे प्रश्न विचारायचे तर ही नाती खरी आहेत की नाहीत हे ठाऊक असावे लागते. वंशांची नावे ही नात्याबद्दलची विधाने असतात, आणि विधान तपासता येते.

नोंदवहीच्या बाबतीत माझा सल्ला असा. नाव आजचे लिहावे, सोबत ‘पूर्वीचे नाव मिर्मारॅक्नी प्लॅटालिऑइडिस’ असे एका ओळीत द्यावे, आणि मुख्य जागा निरीक्षणाला द्यावी. झाड कोणते, मुंगी कोणती, नर की मादी, तारीख, फोटो समोरून आणि वरून. जातीचे नाव १८६९ पासून तेच आहे आणि वंश मात्र बदलत गेला आहे, तरी पिकार्ड-केंब्रिज यांचे वर्णन आजही वापरात आहे, कारण त्यांनी पाहिले ते नीट लिहून ठेवले होते.

आता फोटोंविषयी, कारण एक गोष्ट आधी सांगायची राहिली. पहिला फोटो मादीचा आणि दुसरा नराचा, दोन्ही मिर्माप्लाटा प्लॅटालिऑइडिस. या नराच्या सुळ्यांत विष सोडणारी नळी नसते, त्यामुळे भक्ष्य विषाने लुळे करण्याऐवजी तो ते सुळ्यांवर टोचून धरतो. आणि आपल्याला जे वाटले की मुंगीने तोंडात काहीतरी धरले आहे, तसेच भक्षकांनाही वाटत असावे, असा निष्कर्ष नेल्सन आणि जॅक्सन यांनी २००६ साली प्रयोगांवरून काढला आहे. तिसऱ्या फोटोविषयी मात्र मला शंका आहे. तो अंधुक आहे. त्या प्राण्याच्या उदराच्या मागच्या टोकाजवळ दोन काळे ठिपके आहेत का, आणि समोरचे डोळे मोठे आहेत की सगळेच बारीक आहेत, हे पुन्हा पाहून सांगाल का?

सुरंगी_कुडाळ

सर, आज सकाळी ऊन फांदीवर येईपर्यंत कलमाखाली स्टूल ठेवून बसले. तिसऱ्या फोटोतला प्राणी त्याच घरट्याच्या खालच्या बाजूला सापडला. रंग तोच तांबूस. उदराच्या टोकाजवळ दोन ठसठशीत काळे ठिपके आहेत, लांबून पाहिले तर ते मुंगीचे डोळे आणि मागची बाजू म्हणजे मुंगीचे डोके असे वाटते. भिंगातून खरे डोके पाहिले तर डोळे सगळे बारीक होते, ते दोन मोठे दिवे नव्हते. मी पाहत असतानाच वाट चुकून एकटी आलेली एक मुंगी जवळ आली, तेव्हा त्याने तिला मानेच्या मागे धरले आणि धाग्यावरून खाली उतरून लोंबकळत तिथेच खाऊ लागला. मिर्माप्लाटा मात्र मुंग्या जवळ आल्या की बाजूला सरकतो, हे मी आठवडाभर पाहिले आहे.

अष्टपाद

मग तो अमिसिया फॉर्टिसेप्स. थोमिसिडी कुळातला, म्हणजे खेकडा-कोळ्यांपैकी आहे, उड्या मारणाऱ्यांपैकी नाही. त्याचेही पहिले वर्णन पिकार्ड-केंब्रिज यांचेच, १८७३ सालचे. तो मुंगीचे रूप घेऊन मुंगीच खातो. एकाच कलमावर, एकाच मुंगीची दोन सोंगे, आणि ती दोन वेगळ्या कुळांतली. याची नोंद स्वतंत्र पानावर करावी, आणि शिकारीचा जो क्षण आपण लिहिला आहे तो जसाच्या तसा त्या पानावर उतरवावा.

सुरंगी_कुडाळ

केली. पहिल्या पानावर मिर्माप्लाटाच्या नोंदीसमोर ‘मादी १, नर १, हापूस, विणकर मुंगीच्या घरट्यापासून हातभर अंतरावर’ असे लिहिले आहे. दुसऱ्या पानावर अमिसिया. आता आठवीची मुले काजूच्या झाडांवर पाहणार आहेत, तिथे काळ्या मुंग्या आहेत.